आमचा काही नेम नाही

'नेम' हा मराठीतला मोठा फसवा शब्द आहे. कुणी चतुर्थीला चंद्र पाहिल्याशिवाय जेवत नाही, तो त्याचा नेम. कुणी काळ्या ठिपक्याच्या मधोमध भोक पाडतो, तोही त्याचा नेम. आणि आमच्या बीड जिल्ह्यात पावसाविषयी चार माणसं बोलायला लागली की पाचवा उठता उठता जे म्हणतो, त्यातही नेमच असतो : "त्याचा काय नेम हाय?" माझ्या वाट्याला लहानपणापासून आला तो हा तिसरा नेम. म्हणजे पावसाचा.

त्याची सुरुवात परळीला झाली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. महाशिवरात्रीला आम्ही वैजनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला जत्रेत फिरवलं. तिथे एक फुगेवाला होता. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले, समोर आडवा बांबू आणि बांबूवर टेकवलेली छऱ्यांची बंदूक. रुपयाला पाच छरे. अण्णा शाळामास्तर. पोरांच्या मागे उभं राहून त्यांच्या पाटीत डोकावण्याची त्यांना जन्माची सवय. ते माझ्या मागे उभे राहिले. "वर घे. अरे, इतकं नाही. जरा खाली. आता डावीकडे. हं, मार. चुकलास!" दुसरा छरा. "चुकलास!" असे चार झाले. पाचव्या छऱ्यानं फळीच्या बरंच वर टांगलेली फुगेवाल्याची पिशवी हलली. त्यानं घाईघाईनं बंदूक काढून घेतली आणि दया येऊन माझ्या हातावर एक प्लॅस्टिकचा कंगवा ठेवला. रात्री घरी आल्यावर अण्णा आईला एवढंच म्हणाले, "याचा काही नेम नाही."

तो कंगवा वर्षभरात तुटला. वाक्य मात्र टिकलं. दहावीला गणितात किती पडतील? याचा काही नेम नाही. बी.कॉम. तरी होईल का? याचा काही नेम नाही. लग्नाच्या वेळी मुलीकडच्या मंडळींनी "चिरंजीव कसे आहेत?" असं विचारलं आणि अण्णांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. म्हणून माझं लग्न झालं.

पुढे मी बँकेत कारकून झालो. बँकेतही नेमाची गरज पडते, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. पावतीवर शिक्क्यासाठी छापलेला एक चौकोन असतो. माझा हात आणि तो चौकोन यांच्यात अंतर फार तर वीतभर. तरी गेल्या वीस वर्षांत माझा शिक्का त्या चौकोनात बसल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एकदा तर तो थेट खातेदाराच्या अंगठ्यावर बसला. बिचारा तारीख वाचत वाचत घरी गेला. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्या माणसाला वीतभरावरून शिक्का मारता येत नाही, त्याच्या हातात वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पिस्तूल आलं. आणि तेही बीडमध्ये.

त्याचं झालं असं, की २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक झालं. २८ जुलैला मनू भाकरनं दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या घरातला टीव्ही दोन दिवस बंद झाला नाही. ३० तारखेला तिनं सरबज्योत सिंगच्या जोडीनं दुसरं कांस्य मिळवलं. लगेच १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळालं. स्वप्नील रेल्वेत टी.सी. होता, हे ऐकून मला विशेष भरून आलं. टी.सी. म्हणजे आमच्याच जातकुळीचा. कागद बघणार, खूण करणार, पुढे जाणार. फरक इतकाच, की त्याची खूण मधोमध बसते.

आमच्या कन्येनं, म्हणजे त्या वेळी आठवीत असलेल्या कार्टीनं, तिसऱ्या पदकाच्या रात्री जेवताना जाहीर केलं, "मला पिस्तूल शिकायचंय."

सौ.च्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "अहो, ऐकलंत का? पोरगी पिस्तूल म्हणतेय. बीडात राहून! लोक काय म्हणतील?"

"हवेचं असतं गं आई. छऱ्याचं," कन्या म्हणाली.

"हवेचं असो की पाण्याचं. नाव पिस्तूलच ना?"

सौ.चं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे पुढे सहा महिन्यांतच कळलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जिल्ह्यात जे घडलं, त्यानंतर बीडचं नाव रोज पहिल्या पानावर यायला लागलं आणि त्याच्या आगेमागे पिस्तुलाचं चित्र. २०२५ साली जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची छाननी झाली, कित्येक परवाने रद्द झाले. पुण्याचे आमचे साडू दर रविवारी फोन करून विचारायचे, "काय, ठीक ना सगळं? तुमच्याकडे म्हणे घरोघरी असतं." मी म्हणायचो, "आमच्याकडे टिकल्यांचं आहे, दिवाळीचं. तेही अडकतं." वास्तविक याच जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत तीन हजार मीटर पळून सुवर्णपदक आणलं, तेव्हा साडूंचा फोन आला नव्हता. असो. माणसाच्या कानाचाही एक नेम असतो. त्याला हवं तेच तो टिपतो.

तर रेंजचा शोध सुरू झाला. आमच्या बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन एक निवृत्त सुभेदार बसतात. त्यांनी नोकरीत आल्यापासून ती बंदूक एकदाही उडवलेली नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, आमच्या पलटणीतले एकजण हायेत. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमधी धा मीटरची रेंज टाकलीय त्यांनी. लेकराला घेऊन जावा. पण एक सांगतो, नेम डोळ्यात नसतोय. बोटात असतोय."

मला वाटलं, हे सुभेदारांचं नेहमीचं गूढ बोलणं. पण ते खरं निघालं.

शेडमधले ते सर उंच, कमी बोलणारे आणि वेळेचे पक्के. पहिल्या दिवशी त्यांनी कन्येला पिस्तुलाला हातच लावू दिला नाही. फक्त नियम सांगितले. पिस्तूल रिकामं आहे हे माहीत असलं तरी ते भरलेलंच समजायचं. नळीचं तोंड सदैव लक्ष्याकडे, माणसाकडे कधीही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि "थांबा" म्हटलं की जगबुडी आली तरी थांबायचं. मी मनात म्हटलं, हे चार नियम लग्नात सप्तपदीच्या वेळी सांगितले असते तर बरं झालं असतं.

मग लक्ष्याचा कागद दाखवला. दहा मीटरवर तो टांगतात. मधला काळा भाग साडेपाच-सहा सेंटिमीटरचा, म्हणजे लहानशा पुरीएवढा. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे आपल्या शर्टाचं बटण. त्या बटणात साडेचार मिलिमीटरचा छरा बसवायचा, तोही एका हातानं, दुसरा हात वापरायचा नाही. असे साठ छरे, सव्वा तासात. पूर्वी बायकांना चाळीसच असत. २०१८ पासून त्यांनाही साठ केले. कन्या म्हणाली, "बरं झालं." सौ. म्हणाली, "कामं वाढवताना बरी बायकांची आठवण होते."

शिकवणी सुरू झाली आणि माझ्यातला कारकून जागा झाला. मी एक लांब वही आणली. रकाने पाडले : तारीख, छरा क्रमांक, गुण, बेरीज, शेरा. रोज संध्याकाळी बँक सुटली की मी शेडमध्ये. कन्येच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि छरा सुटला की मान लांब करून बघायचं. "आठ! हं. सात! अगं, काय हे? नऊ! शाबास, आता असाच. सहा! चुकलीस!" रात्री जेवताना वही उघडून दिवसाचा ताळेबंद वाचायचा. पहिल्या महिन्यात शंभरात ६२, दुसऱ्यात ७१, तिसऱ्यात ८०. मी ठेवीच्या व्याजासारखा हिशोब मांडून ठेवला, की या गतीनं सहाव्या महिन्यात पोरगी शंभरात एकशे सात काढणार.

चौथ्या महिन्यात ७४ आले. पाचव्यात ६६. कन्येचं जेवण कमी झालं. मी वही उघडली की तिला अभ्यास आठवायचा. एरवी अभ्यास आठवावा म्हणून मी तीन-तीन नवस बोललो होतो. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण नाही आलं.

एके दिवशी सरांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, फी. ते म्हणाले, "साहेब, उद्यापासून तुम्ही उभं राहायचं. ती खुर्चीत बसेल."

"मी? अहो सर, मला शिक्का..."

"उद्या सहा वाजता," सर म्हणाले आणि निघून गेले. लष्करातल्या माणसाशी वाद घालायला वेळच मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिस्तूल हातात घेतलं. ते किलोभर असेल. किलोभर कांदे मी रोज उचलतो, त्यात काही विशेष नाही. पण तेच किलोभर कांदे हात सरळ लांब करून खांद्याच्या उंचीवर धरून पाहा. पाचव्या सेकंदाला हात लटपटतो, दहाव्याला कांदे हसायला लागतात. मी दातओठ खाऊन हात स्थिर करू लागलो. जितका स्थिर करावा तितका तो जास्त हलायचा. मी दहा छरे मारले. बेरीज ३१. त्यात तीन छरे कागदालाच लागले नव्हते, ते मागच्या फळीला मिळाले. मी मागे वळलो आणि कन्येला विचारलं, "कसा होता गं शेवटचा?"

"मी बघितलाच नाही, बाबा. मी तुमच्या बोटाकडे बघत होते. तुम्ही चाप दाबत नाही, शिक्का मारता."

तिथून तिनं मला शिकवायला घेतलं. सर लांबून बघायचे. ती जे सांगायची ते सरांचंच होतं, पण आपल्या पोराच्या तोंडून ते ऐकताना माणसाला दुप्पट कळतं आणि चौपट लागतं.

पहिली गोष्ट पायांची. तिनं मला उभं केलं, डोळे मिटायला लावले, हात उचलून आरामात धरायला सांगितला आणि मग डोळे उघडायला. पिस्तूल लक्ष्याच्या हातभर डावीकडे बघत होतं. मी मनगट वळवायला लागलो. "हात नाही, पाय सरकवा," ती म्हणाली. शरीराला आपोआप जिकडे बघावंसं वाटतं, तिकडेच लक्ष्य येईल असं उभं राहायचं. मनगट वळवून आणलेला नेम टिकत नाही. चाप दाबताना शरीर आपल्या मूळ जागी परत जातं. मला आमच्या शाखेत बळजबरीनं पाठवलेले कितीतरी अधिकारी आठवले. सगळे आपल्या मूळ जागी परत गेले होते.

दुसरी गोष्ट डोळ्याची, आणि इथे माझं वय आडवं आलं. पिस्तुलाला पुढे एक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, दोघांचे माथे एका रेषेत. हे सगळं मी ऐकून होतो. पण मी बघत होतो लक्ष्याकडे. ती म्हणाली, "लक्ष्याकडे बघायचंच नाही. माशीकडे बघायचं. लक्ष्य पुसट दिसलं पाहिजे."

"अगं, ज्याला मारायचं त्याच्याकडे बघायचं नाही, हा कुठला न्याय?"

तिनं माझ्याच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. खाच आणि माशी यांच्यात अंतर धरा तीस सेंटिमीटर. लक्ष्य दहा मीटरवर. म्हणजे तेहेतीस पट. माशी खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर कागदावर छरा तेहेतीस मिलिमीटर डावीकडे जाणार. दहाऐवजी सहा. पण माशी खाचेत नीट असेल आणि सगळा हातच एक मिलिमीटर डावीकडे डोलला, तर छराही एकच मिलिमीटर सरकणार. दहाचे दहा. म्हणून हात हलला तर हलू द्यायचा, तो कुणाचाही हलतो. माशी खाचेत हलता कामा नये.

मी थक्क झालो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चक्रवाढ व्याज माझ्या तळहातावर. पण इतका महाग एक मिलिमीटर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

आता माशीकडे बघायचं म्हणजे चष्मा आला. वाचायची चाळिशी लावली तर माशी धूसर आणि लक्ष्य गायब. लांबचा चष्मा लावला तर लक्ष्य झकास आणि माशी गायब. माशी असते हात लांब केल्यावर जिथे पोहोचेल तिथे. माझे दोन्ही चष्मे त्या गावावरून जात नाहीत. शेवटी चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "कशासाठी पाहिजे? वाचायला की गाडीला?" मी सरळपणानं म्हणालो, "पिस्तुलाची माशी दिसायला." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि अर्धं शटर ओढून घेतलं. दिवस तेच होते, त्याचाही दोष नाही. मी बँकेचं ओळखपत्र दाखवल्यावर त्याला हायसं वाटलं. कारकून हा प्राणी निरुपद्रवी असतो, याबद्दल सर्व थरांत एकमत आहे.

वयाच्या बाबतीत मला धीर दिला तो तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचनं. पॅरिसलाच मिश्र जोडीच्या स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. बाकीचे नेमबाज डोळ्यांवर भिंगं आणि झापडं लावून घड्याळजींसारखे दिसत होते. हा गृहस्थ साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून असा उभा, की जणू रेशनच्या रांगेत पिशवी विसरल्याचं त्याला आताच आठवलंय. जगभर त्याचा फोटो फिरला. मी तो कापून आरशाला चिकटवला. खिशातला हात ऐटीसाठी नव्हता, हे मला रेंजवर कळलं. मोकळा हात लोंबता राहिला तर तो सगळं शरीर हलवतो. त्याला कुठेतरी बसवावा लागतो, घरातल्या रिकाम्या माणसासारखा.

तिसरी गोष्ट बोटाची. सुभेदारांची. चाप किमान पाचशे ग्रॅमचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा दाब दिला की सुटतो. हा दाब हळूहळू, सरळ मागे द्यायचा, आणि छरा नेमका कधी सुटेल हे आपल्यालाही कळता कामा नये. "आत्ता मारतो" असं मनानं म्हटलं की बोट झटका देतं, मनगट खाली जातं आणि उजव्या हाताच्या माणसाचा छरा खाली डावीकडे जाऊन बसतो. माझे सगळे तिथेच बसत होते. मी शरमलो. सर पहिल्यांदाच हसले. "साहेब, हे चांगलं लक्षण आहे. सगळे एकाच जागी चुकताय. दहा ठिकाणी चुकणाऱ्याचं काही करता येत नाही. एका ठिकाणी चुकणाऱ्याचं कारण सापडतं."

हे मात्र मला एका क्षणात पटलं. बँकेत दिवसाचा हिशोब जुळला नाही आणि फरकाला नऊनं भाग गेला, की आम्ही जुने कारकून निश्चिंत होतो. कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले आहेत, आकड्यांची उलटापालट आहे, सापडेल. एका जातीची चूक ही खरं म्हणजे चूक नसते, पत्ता असतो.

आणि चौथी गोष्ट सोडून देण्याची. पिस्तूल उचललं, श्वास थोडा सोडून थांबवला, माशी स्थिरावली, तर पाच-सात सेकंदांत छरा सुटायला हवा. नाही सुटला, तर हात खाली घ्यायचा. ओढून-ताणून मारायचा नाही. परत उचलायचा. "किती वेळा खाली घ्यायचा?" मी विचारलं. "लागेल तितक्या वेळा, बाबा. खाली घेतलेल्याचे गुण कापत नाहीत." आणि सुटला, तरी लगेच मान लांब करायची नाही. क्षणभर तसंच उभं राहायचं, माशीकडे बघत. ज्याला निकाल बघायची घाई असते, त्याची मान छरा सुटायच्या आधीच उठते आणि छरा बिघडतो.

हे वाक्य ती सहज बोलून गेली. पण माझा हात पिस्तुलासकट खाली आला. निकाल बघायची घाई या शेडमध्ये कुणाला होती? तिच्या मागे खुर्ची टाकून, मान लांब करून, दर छऱ्याला पुकारा करणारा कोण होता? मला एकदम परळीचा फुगेवाला दिसला. बांबू दिसला, आणि मानेमागून आवाज आला : "चुकलास!" इतकी वर्षं मी समजत होतो, की त्या जत्रेतून मी फक्त कंगवा घरी आणला.

त्या रात्री वही उघडली नाही. सौ.नं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरी कोरा सराव सुरू झाला. सरांच्या परवानगीनं रेंजवरचं एक जुनं, बिघडलेलं पिस्तूल आणलं. छरा नाही, लक्ष्य नाही. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, माशी बघायची, चाप दाबायचा, माशी हलली का ते पाहायचं. रोज वीस मिनिटं ती, वीस मिनिटं मी. भिंतीवर गुण नसतात, त्यामुळे चुकायचं भय नाही. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि सौ.ला हळूच विचारलं, "भिंतीवर कुणी दिसतं का हो त्यांना?" पण सौ. आता आमच्या पक्षात आली होती. ती म्हणाली, "माशी दिसते."

आमचे अण्णा आता ऐंशीला टेकलेत. त्यांचा हात थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. आरामखुर्चीतून ते आमचं हे भिंतयुद्ध बघायचे. एक दिवस नातीला म्हणाले, "तुझ्या बापाचा काही नेम नाही हो. लहानपणापासून."

कन्या पिस्तूल खाली ठेवून म्हणाली, "आजोबा, रोज सहा वाजता उभे राहतात. एक दिवस चुकले नाहीत. मग नेम आहे की."

अण्णा काही बोलले नाहीत. कप तोंडाला लावता लावता मला म्हणाले, "कोपर जरा..." आणि तिथेच थांबले. चहा प्यायले. मला वाटतं, आमच्या घरात इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी उचललेला हात खाली घेतला.

यंदा संभाजीनगरला तिची एक स्पर्धा होती. साठ छरे, सव्वा तास. मी गेलो. सगळे पालक पडद्याकडे डोळे लावून, ओठ हलवत बसले होते. मी त्यांच्याकडे तोंड करून, लक्ष्यांकडे पाठ फिरवून बसलो. काही दिसत नव्हतं, नुसतं फट्, फट् ऐकू येत होतं. सव्वा तास मी दुसऱ्यांच्या आयाबापांचे चेहरे वाचले. छरा आठात गेला की कसा दिसतो हे मी आता चेहऱ्यावरून सांगू शकतो. एकदोनदा मान आपोआप वळायला लागली. मी पाय सरकवले.

ती बाहेर आली. जिभेवर "किती?" होतं. गिळलं. म्हटलं, "भूक लागली का गं?"

स्टँडवर वडापाव खाताना तीच बोलायला लागली. "बाबा, तेविसावा छरा चारात गेला. चारात! मला वाटलं, पडदाच बिघडला." आणि खो-खो हसली. "मग मी खाली ठेवलं पिस्तूल. पाणी प्यायले. चोविसावा दहा." बेरीज तिनं सांगितली नाही आणि मी विचारली नाही. बेरीज न विचारता एक बँक कारकून संभाजीनगरहून बीडपर्यंत एस.टी.त बसून आला, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. बेरीज मला दोन दिवसांनी सुभेदारांकडून कळली. पदक नव्हतं. पण शेडमधल्या कुठल्याही दिवसापेक्षा बरी होती.

ती वही आता तिच्याकडे आहे. परवा सहज चाळली. गुणांचा रकाना तिनं खोडून टाकलाय. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय : "श्वास विसरले." "घाई." "आज छान वाटलं." आणि एका पानावर माझा हिशोब : "बाबा. अजून शिक्का मारतात. पण कमी."

काल बँकेत एका पावतीवर मी शिक्का मारला. घाई केली नाही. बोट सरळ, नजर शिक्क्यावर. क्षणभर तसाच थांबलो. मग हात उचलून पाहिलं.

चौकोनाच्या खाली डावीकडे. पण नेहमीच्याच जागी. म्हणजे सापडेल.